हा रकाना कोण भरतं?

गेल्या अंकात डेटा अ‍ॅनालिटिक्सवर, म्हणजे साठलेल्या माहितीतून निर्णयाला उपयोगी उत्तरं काढण्यावर, भर असलेल्या एमबीएबद्दल मी दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. मी ही पदवी नोकरी सांभाळून घेतली. त्यानंतर गेली नऊ वर्षं विश्लेषकांचा एक गट सांभाळते आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेते. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत. ज्यांनी नावं छापू नका असं कळवलं त्यांची नावं गाळली होती. मग एकसारखं व्हावं म्हणून सगळ्यांचीच गाळली.

प्रश्न : ताई, मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. सहा वर्षं एका कंपनीत विक्रीचे मासिक अहवाल तयार करते. अहवाल मी करते, पण बैठकीला साहेब जातात. आता पुढे शिकायचं ठरवलंय. अ‍ॅनालिटिक्सवाला एमबीए करू की अ‍ॅनालिटिक्समधलं एमएस? दोन्हींची माहितीपत्रकं वाचली तर सारखीच वाटतात.

उत्तर : 'अहवाल मी करते, पण बैठकीला साहेब जातात.' तुमचं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण निवड त्यातूनच ठरणार आहे. तुम्हाला त्या बैठकीत बसून 'हे उत्पादन बंद करू या' असं म्हणायचं आहे का? मग एमबीए. की बैठकीत जाणारा आकडा ज्या यंत्रणेतून निघतो, ती यंत्रणा जास्त चांगली बांधायची आहे? मग एमएस. दोन्ही कामं मानाची आहेत. मात्र एकाची तयारी करून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली की माणूस कष्टी होतो. अशी दोन माणसं माझ्याच गटात होती, म्हणून हे आधी सांगते.

माहितीपत्रकं सारखी दिसतात यालाही कारण आहे. एमबीए ही जुनी पदवी. हार्वर्डने व्यवस्थापनाची शाळा १९०८ मध्ये काढली आणि एमबीए हे नाव तिथूनच रुळलं. शंभराहून जास्त वर्षांत त्यात काय शिकवायचं हे बरंचसं ठरून गेलंय : हिशेब, वित्त, विपणन, उत्पादन व्यवस्था, माणसं सांभाळणं, धोरण. अ‍ॅनालिटिक्स हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय त्या मानाने कालचा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने त्यातलं पहिलं एमएस सुरू केलं ते २००७ मध्ये. त्यामुळे 'अ‍ॅनालिटिक्सवर भर' या शब्दांचा सगळीकडे एकच अर्थ अजून ठरलेला नाही. एखाद्या ठिकाणी नेहमीच्या एमबीएला दोन ऐच्छिक विषय जोडून तेच नाव देतात, तर दुसरीकडे जवळजवळ निम्मा अभ्यासक्रम आकड्यांचा असतो.

म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि अभ्यासक्रमाचा तक्ता मागवा, सत्रवार. तो असा वाचा. मशीन लर्निंगचा, म्हणजे संगणकाला जुन्या नोंदींवरून अंदाज बांधायला शिकवण्याचा, विषय कोणत्या सत्रात आहे आणि त्याआधी संख्याशास्त्र सक्तीचं आहे का, हे पाहा. नसेल, तर तिथे बटणं दाबायला शिकवतात असं समजायला हरकत नाही. डेटाबेसचा विषय आहे का? कंपनीतला डेटा तक्त्यांमध्ये विखुरलेला असतो. तो स्वतः काढता आला नाही तर दर वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. प्रयोग कसे आखायचे, म्हणजे निम्म्या ग्राहकांना सवलत देऊन आणि निम्म्यांना न देऊन फरक कसा मोजायचा, हे कुणी शिकवतं का? हा विषय बऱ्याच ठिकाणी गाळलेला असतो आणि व्यवस्थापकाला सगळ्यात जास्त तोच लागतो. शेवटचा मोठा प्रकल्प कुणाच्या डेटावर करतात हेही विचारा. इंटरनेटवरून उतरवलेला, धुतलेला-पुसलेला डेटा असेल तर तो सराव झाला. एखाद्या चालू संस्थेचा डेटा असेल आणि तिची माणसं समोर बसून तुम्हाला प्रश्न विचारणार असतील, तर ते शिक्षण.

खर्चाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. फक्त शुल्क धरू नका. पूर्ण वेळ शिकणार असाल तर तेवढ्या महिन्यांचा बुडालेला पगारही त्यात मिळवा. पदवीनंतर पगारात दरमहा किती वाढ मिळेल याचा अंदाज घ्या. तो त्या संस्थेच्या जाहिरातीतून घेऊ नका. तुमच्यासारखीच पार्श्वभूमी असलेल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना विचारा. एकूण खर्चाला त्या वाढीने भागलं की किती महिन्यांत पैसे वसूल होतील ते कळतं. उत्तर साठ महिन्यांच्या पलीकडे गेलं, तर मी तरी दुसरं ठिकाण शोधेन.

प्रश्न : गणितात मी पहिल्यापासून कच्चा. पदवीही साहित्याची. दोन वर्षं एका प्रकाशन व्यवसायात विपणनाचं काम करतोय आणि आकड्यांत रस वाटायला लागलाय. पण वर्गात अभियंते असतील, माझा निभाव लागेल का?

उत्तर : निभाव लागेल, पण आधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधू या. शाळेत ज्या गणिताची धास्ती घेतली ते बहुतेक भराभर सूत्रं लावण्याचं गणित होतं. या पदवीत लागणारं गणित मोजकं आहे : संभाव्यता, सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा, नमुन्यावरून सगळ्यांबद्दल अंदाज बांधणं, समाश्रयण म्हणजे रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढणं) आणि थोडं मॅट्रिक्सचं काम. गुणाकार-भागाकार संगणक करतो. तुमच्याकडून अपेक्षा असते ती आकडा काय सांगतोय आणि काय लपवतोय हे ओळखण्याची.

एक उदाहरण सोडवून पाहा. मी मुलाखतीत हे कितीतरी जणांपुढे ठेवलंय. मूत्रपिंडातल्या खड्यांवरच्या दोन उपचारांची तुलना १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या उपचाराने ३५० पैकी २७३ रुग्ण बरे झाले, म्हणजे ७८ टक्के. दुसऱ्याने ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. कुठला चांगला? सगळे म्हणतात, दुसरा. आता खड्याचा आकार पाहा. लहान खडे असलेल्यांत पहिल्या उपचाराने ८७ पैकी ८१ बरे झाले, ९३ टक्के. दुसऱ्याने २७० पैकी २३४, म्हणजे ८७ टक्के. मोठे खडे असलेल्यांत पहिल्याने २६३ पैकी १९२, ७३ टक्के. दुसऱ्याने ८० पैकी ५५, ६९ टक्के. लहान खड्यांत पहिला सरस, मोठ्या खड्यांतही पहिलाच सरस. दोन्ही गट एकत्र केले की मात्र दुसरा पुढे!

कागद घ्या आणि बेरजा स्वतः करून बघा, चूक सापडणार नाही. अवघड, मोठ्या खड्यांचे रुग्ण बहुतेक पहिल्या उपचाराच्या वाट्याला गेले आणि सोपे दुसऱ्याच्या. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. यात टक्केवारीपलीकडे गणित नाही. पण 'कुणाच्या वाट्याला कोण आलं?' हा प्रश्न सुचावा लागतो, आणि अभियंत्यांना तो आपोआप सुचतो असा माझा अनुभव नाही. कथेतलं पात्र असं का वागलं हे ज्याने वर्षानुवर्षं वाचलंय, त्याला तो लवकर सुचलेला मी पाहिलाय.

प्रवेशाआधी चार-पाच महिने हाताशी ठेवा. संख्याशास्त्राचं एखादं प्राथमिक पुस्तक घ्या आणि त्यातली उदाहरणं हाताने सोडवा. रोज तासभर. नुसते व्हिडिओ पाहून समजल्यासारखं वाटतं, पण पेन हातात घेतलं की गाडं अडतं. ते प्रवेशाच्या आधी अडलेलं बरं.

प्रश्न : जीमॅट द्यावी की जीआरई?

उत्तर : ज्या ठिकाणी अर्ज करणार आहात त्यांना या दोन्ही प्रवेश परीक्षा चालतात का ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी चालतात, काही ठिकाणी परीक्षाच माफ असते. चालत असतील तर दोन्हींची एकेक सराव परीक्षा वेळ लावून सोडवा आणि जिच्यात बरे गुण पडतील ती द्या. जीमॅट आता २ तास १५ मिनिटांची झाली आहे. ४५ मिनिटांचे तीन भाग, मिळून ६४ प्रश्न, गुण २०५ ते ८०५ च्या दरम्यान. निबंध गेला, भूमितीही गेली, आणि 'डेटा इनसाइट्स' नावाचा स्वतंत्र भाग आला. त्यात तक्ते, आलेख आणि 'एवढी माहिती पुरेशी आहे का' असे प्रश्न येतात. तुम्हाला अ‍ॅनालिटिक्सकडेच जायचं असेल तर या भागाची तयारी पुढेही उपयोगी पडते, म्हणून माझा कल जीमॅटकडे. दोन्हींचे गुण पाच वर्षं ग्राह्य असतात, तेव्हा नोकरीत स्थिरावण्याआधी परीक्षा देऊन ठेवली तरी वाया जात नाही.

प्रश्न : माझं वय ३९. दोन मुलं, पूर्ण वेळ नोकरी. अर्धवेळ एमबीएला प्रवेश मिळतोय, त्यात अ‍ॅनालिटिक्स घेता येतं. घरचे म्हणतात, आता या वयात कशाला? मलाही रात्री तोच प्रश्न पडतो. तुम्ही कसं केलंत?

उत्तर : मी ३५ व्या वर्षी सुरू केलं आणि तीन वर्षांनी पूर्ण केलं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवारचा पूर्ण दिवस वर्ग, उरलेला अभ्यास रात्री मुलगी झोपल्यावर. पहिल्या सत्रात मी दोनदा सोडायचं ठरवलं होतं. हे तुम्हाला माहीत असावं, कारण त्या दिवसांत प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना जमतंय आणि आपल्यालाच जमत नाही.

या वयात काय मिळतं, ते एका प्रसंगातून सांगते. दुसऱ्या वर्षी आम्हाला एका सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा डेटा दिला होता. कोणते ग्राहक सोडून जाणार ते आधी ओळखायचं होतं. माझं मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारा प्रोग्राम, ९६ टक्के अचूक आलं. मी रात्री दीड वाजता आनंदाने नवऱ्याला उठवलं होतं. शनिवारी वर्गात मांडणी केली. आमच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पडद्यावरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. नाव होतं 'शेवटच्या संपर्काचा प्रकार'. त्यांनी विचारलं, "हा रकाना कोण भरतं? आणि कधी?"

मला माहीत नव्हतं. सोमवारी मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवा कक्षाला फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ग्राहक बंद करतो म्हणाला ना, की मग आम्ही तिथे कोड टाकतो." म्हणजे माझ्या मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच मिळाली होती. ग्राहक गेल्यावर भरलेला रकाना वापरून ते 'हा ग्राहक जाणार' असं सांगत होतं. तो रकाना काढला. अचूकता ७१ टक्क्यांवर आली.

पुढच्या शनिवारी बाईंनी माझ्याच वहीत एक उभी रेघ मारून दिली. डावीकडे लिहायचं, अंदाज बांधायच्या दिवशी आपल्याला काय माहीत असतं. उजवीकडे, जे नंतर कळतं. उजवीकडचं काहीही मॉडेलमध्ये जाता कामा नये. ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि गटात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याच्यासाठी ती रेघ मारते. ते ७१ टक्केवालं मॉडेल कंपनीने वापरायला घेतलं, कारण त्याने दाखवलेल्या ग्राहकांना वेळेत फोन करता येत होता.

आता तुमच्या वयाकडे येते. माझ्या वर्गातल्या चोविशी-पंचविशीच्या मुलांचे प्रोग्राम माझ्यापेक्षा चांगले होते. पण रकाने माणसं भरतात, घाईत भरतात, कधी साहेबांना खूश ठेवायला भरतात, हे ज्याने पंधरा वर्षं नोकरी केली त्याला पटकन कळतं. बाईंना तो प्रश्न मला एकदाच विचारावा लागला. तुम्हीही तुमच्या कामातले असे कितीतरी रकाने डोळे मिटून सांगू शकाल. ही तुमची शिदोरी आहे, ती घेऊन वर्गात जा.

घरच्यांशी मात्र आकड्यांत बोला. 'थोडं सांभाळून घ्या' असं मोघम म्हणू नका. आठवड्याला वर्गाचे किती तास, अभ्यासाचे किती, ते लिहा आणि त्या तासांत घरातलं कोणतं काम कोण करणार तेही त्याच कागदावर लिहा. मला आठवड्याला वीस तास लागायचे, परीक्षेच्या महिन्यात तीस. एका सत्रात दोनच विषय घेता येतात का ते विचारून ठेवा. पदवीला एक वर्ष जास्त लागलं तर काही बिघडत नाही. मुलांच्या परीक्षा आणि तुमच्या परीक्षा एकाच आठवड्यात येणार आहेत, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरा.

प्रश्न : एक्सेलवर माझा हात बसलेला आहे. पायथन शिकायलाच हवं का? आर, एसक्यूएल, पॉवर बीआय, टॅब्लो अशी यादी पाहून दडपण येतं.

उत्तर : आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसकडून हवी ती माहिती मागण्याची भाषा. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा आजही जवळपास प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसला समजते, आणि रोज सराव केला तर दोन महिन्यांत कामापुरती येते. मग पायथन किंवा आर या प्रोग्राम लिहिण्याच्या दोन भाषांपैकी एक, तुमचा अभ्यासक्रम जी वापरतो ती. पॉवर बीआय आणि टॅब्लो ही आलेखांची साधनं वर्गातच येतात, त्यांची काळजी आतापासून नको.

एक्सेल टाकून द्यायचं नाही. फक्त त्याच्या कडा कुठे आहेत ते माहीत हवं. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण अधिकृत आकड्यांतून काही दिवस गायब होते. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती, त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या मुकाट गळून गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेत कळवता आलं नाही. आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण मर्यादा तिथेही आहेच.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्या मध्यभागी एक विद्यार्थी आहे. दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये देशांचं कर्ज आणि त्यांची आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारं त्याचा दाखला देऊ लागली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ मिळाला होता : एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याचे आकडे काही केल्या जुळेनात. लेखकांनी त्याला मूळ तक्ता पाठवला, तेव्हा दिसलं की सरासरीचं सूत्र यादीच्या शेवटपर्यंत ओढलेलंच नाही आणि पाच देश बाहेर राहिलेत. काही वर्षांचे आकडे का वगळले आणि देशांना वजन कसं दिलं यावरही त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी हरकती घेतल्या, आणि निष्कर्षात मोठा फरक त्यांनीच पडत होता. खूप कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ मूळ निबंधात उणे ०.१ टक्के होती. त्यांच्या हिशेबात ती २.२ टक्के आली. हे २०१३ चं. प्रोग्राम लिहिला की प्रत्येक पायरी लिहून राहते आणि दुसऱ्याला तपासता येते. पायथन किंवा आर शिकायचं ते याच्यासाठी. तक्त्यातलं सूत्र चौकटीच्या मागे लपतं आणि कुणी क्लिक करेपर्यंत लपलेलंच राहतं.

प्रश्न : माझी मुलगी या पदवीसाठी अर्ज करते आहे. रोज वाचतो की कृत्रिम बुद्धिमत्ता विश्लेषकांचं सगळं काम करणार. मी माझी बचत या शिक्षणात घालावी का?

उत्तर : दादा, तुमची काळजी रास्त आहे आणि तिला गुळमुळीत उत्तर देणार नाही. माझ्याच गटात पहिल्या वर्षाच्या विश्लेषकाचं काम बदललंय. महिन्याचा अहवाल जुळवणं, प्रोग्रामचा पहिला खर्डा लिहिणं, आलेख काढणं, ही कामं आता पूर्वीच्या मानाने फार थोड्या वेळात होतात. एवढंच शिकवणाऱ्या पदवीवर बचत घालू नका.

पण हे क्षेत्र नुसत्या अचूकतेवर कधीच चाललेलं नाही. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. प्रेक्षक चित्रपटाला किती तारे देईल याचा कंपनीचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवायचा होता. २००९ मध्ये एका संघाने ते जिंकलं. पण जिंकलेली ती अख्खी पद्धत कंपनीने कधी वापरात आणली नाही. ती बसवण्याचा खटाटोप तेवढ्या वाढीव अचूकतेसाठी परवडण्यासारखा नव्हता, आणि तोवर लोक घरपोच डिस्क मागवण्याऐवजी ऑनलाइन पाहू लागले होते, त्यामुळे मूळ प्रश्नच बदलला होता. हा हिशेब करणारा माणूस कंपनीला लागतो.

गूगलचंही तसंच. लोक काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ ओळखण्याची त्यांची सेवा २००८ मध्ये आली तेव्हा केवढं कौतुक झालं! २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. डेटा भरपूर होता, यंत्रंही होती. पण लोक फ्लूबद्दल शोधतात ते नेहमी फ्लू झाला म्हणूनच असं नसतं. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, आणि आडात काय आहे हे वाकून बघायचं काम अजून माणसाचंच आहे. यंत्राने दिलेल्या उत्तरावर सही करून 'याची जबाबदारी माझी' असं म्हणायचं कामही माणसाचंच राहणार. या दोन गोष्टी शिकवणारा अभ्यासक्रम असेल तर पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचाराविशी वाटते. तुमचं पत्र दोन पानांचं आहे आणि मुलीला या विषयातलं नेमकं काय आवडतं याची त्यात एकही ओळ नाही. तिच्याशी एक संध्याकाळ बोला. तिला एखादा आकडा पाहून 'हे असं का?' असा प्रश्न पडत असेल आणि उत्तर मिळेपर्यंत चैन पडत नसेल, तर निम्मी काळजी तिथेच मिटेल.

प्रश्न : प्रवेश अर्जाचा निबंध सोबत जोडला आहे. कृपया वाचून सांगा.

उत्तर : वाचला. सुरुवात 'डेटा हे नवं तेल आहे' अशी आहे. क्लाइव्ह हम्बी या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावावर २००६ पासून हे वाक्य फिरतंय आणि निवड समितीने ते पुष्कळदा वाचलं असणार. त्याखालचे तीन परिच्छेदही तुम्ही काढावेत असं मला वाटतं. त्यांत तुम्ही कुठेच दिसत नाही.

पण तिसऱ्या पानावर, जवळजवळ शेवटी, तुम्ही सहज लिहून गेला आहात की गोदामात काम करताना परत येणारा माल मंगळवारी जास्त असतो हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही सहा आठवडे एका वहीत नोंदी ठेवल्या आणि कळलं की सोमवारी पाळी बदलते तेव्हा पत्त्यांच्या चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या छपाई यंत्रांवर निघतात आणि त्यांतल्या एकावर शेवटचा अंक पुसट उमटतो. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले! हा तुमचा पहिला परिच्छेद. ती वही कशी होती, पहिल्या आठवड्यात तुम्हाला कुणावर संशय होता, तो कसा चुकला, यंत्राची पट्टी बदलायला कुणाला कसं पटवलंत आणि त्यानंतरच्या मंगळवारी किती माल परत आला, हे सगळं लिहा. आकडे असतील ते द्या, नसतील तर नाहीत असं सांगा. मग एकाच परिच्छेदात मांडा की वहीने जे जमलं ते दहा गोदामांसाठी करायचं असेल तर तुम्हाला काय येत नाही आणि या अभ्यासक्रमातले कोणते दोन विषय ते शिकवतील. विषयांची नावं त्यांच्या तक्त्यातून जशीच्या तशी घ्या.

अर्जाची मुदत अजून पाच आठवडे आहे असं तुम्ही लिहिलंय. नवा खर्डा दोन आठवड्यांत पाठवलात तर मी पुन्हा वाचून कळवीन. त्या वहीच्या एखाद्या पानाचा फोटोही पाठवा, मला ते पान बघायचंय.